पोत्यातून हूक सोडवताना

दरवर्षी थंडीच्या सुरुवातीला, इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, स्नायूंचा धडा शिकवताना, मी फळ्यावर एकच चित्र काढत आलो आहे. दोन्ही बाजूंना पातळ तंतू, मधोमध जाड तंतू, आणि जाड तंतूवरून बाहेर डोकावणारी छोटी छोटी डोकी. पातळ तंतू ॲक्टिनचे, जाड तंतू मायोसिनचे. आदिलाबादच्या या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागलो तेव्हा ते चित्र मी पाच मिनिटांत काढत असे. आता निम्मे झाल्यावर हात खाली घेऊन थोडे थांबावे लागते. खांदा दुखतो. मुले समजतात, सर विचार करीत आहेत.

यंदाचे माझे शेवटचे वर्ष. मुदतीआधीच निवृत्ती मिळावी असा अर्ज मी उन्हाळ्यात दिला. प्रकृतीचे कारण लिहिले, आणि ते खोटे नव्हते. मात्र जिने चढून येणारा थकवा आणि मनात साचून राहिलेला थकवा यांतला फरक अर्जाच्या रकान्यात मांडता येत नाही.

ते चित्र समजावताना मी एक चूक करत असे. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी एका मुलीने ती मला दाखवली, आणि मी तिला वर्गासमोर हसलो. हे लिहायला बसलो आहे ते त्यासाठी.

चूक समजायला थोडे मायोसिन समजावे लागेल. मायोसिन हे प्रथिन आहे, पण ते काम करते यंत्राचे. त्याला लांब शेपूट असते. अशा अनेक शेपट्या एकमेकींना बिलगून जाड तंतू बनतो. शेपटीच्या टोकाला मान आणि मानेवर डोके, एका रेणूला दोन. डोक्याला एका बाजूला ॲक्टिन धरण्याची जागा असते आणि दुसरीकडे एक खाच. त्या खाचेत एटीपी, म्हणजे पेशीला शक्ती पुरवणारा रेणू, येऊन बसतो. डोके ॲक्टिनला धरते, मान वल्ह्यासारखी झुकते आणि ॲक्टिनचा तंतू किंचित सरकतो. मग डोके सुटते, पुढे टेकते, पुन्हा ओढते. अशी असंख्य डोकी एकाच वेळी कामाला लागतात तेव्हा माणूस पाण्याचा हंडा उचलतो.

मी शिकवत असे ते असे: एटीपी आला की डोके पकडते आणि ओढते, एटीपी संपला की पकड ढिली पडते. हे मी पुस्तकातून घेतले नव्हते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून मी एकदम इंग्रजी पुस्तकांत आणि तेलुगू वर्गांत जाऊन पडलो. तेव्हापासून कठीण धडा समजून घ्यायचा तर आधी गावातले काहीतरी डोळ्यांसमोर आणायचे, ही सवय लागली. स्नायूंसाठी मी डोळ्यांसमोर आणला शेतातला गडी. पोटात भाकर असेल तर तो दोर ओढतो. उपाशी असेल तर दोर हातातून सुटतो. इतके सरळ वाटले की पुस्तकातला पुढचा परिच्छेद मी कधी नीट वाचलाच नाही. विद्यार्थीदशेत केलेल्या टिपणांवरच मी नोकरीची पहिली वर्षे काढली.

ती मुलगी तिसऱ्या बाकावर बसत असे. तिचे वडील मार्केट यार्डात हमाल होते. घर बौद्ध, त्याआधीच्या पिढ्या दुसऱ्यांच्या शेतात राबलेल्या. विज्ञान घेतलेली त्या घरातली ती पहिली. आमचे घरही मराठीच, पण तीन पिढ्यांपासून पगारदार. आजोबा कचेरीत पेशकार होते, वडील शिक्षक. वर्गात आम्ही दोघे एकच भाषा बोलणारे होतो आणि तरीही आमच्यात बरेच अंतर होते. ते मला दिसत नव्हते असे म्हणालो तर खोटे ठरेल.

चित्र पूर्ण करून मी वळलो तेव्हा ती उभी राहिली. घाईत तेलुगू विसरून मराठीतच बोलली, तेही हळू, जणू फक्त मला सांगावे तसे.

"सर, हे उलटं वाटते. मया बाबाचा हूक असते न, पोत्यात रुतवाले काई जोर लागत नाई. पोत्याच्या वजनानं तो आपोआप बसते. काढाले जोर लागते. दिवस बुडता बुडता बाबा थकला का हूक सुटत नाई, पोत्यातच राह्यते. मंग थकल्यावर पकड ढिली काऊन पडन? घट्ट राह्यली पायजे."

मला उत्तर आले नाही. न येणाऱ्या उत्तराची लाज मला तेव्हा फार वाटत असे. ती मराठीत आणि हळू बोलली होती. मी तेलुगूत आणि मोठ्याने बोललो, सगळ्यांना कळावे म्हणून. म्हणालो, "आता आपण प्राणिशास्त्र मार्केटच्या हमालांकडून शिकायचे! उद्यापासून हिच्या वडिलांनाच इथे पाठवू या, मी जाऊन पोती उचलतो."

वर्ग हसला. मीही हसलो. ती बसली नाही. बहुधा बसायचे असते हे तिला सुचले नाही. "बस," असे मला सांगावे लागले.

आठवडाभरात ती, वर्ष वाया जात असूनही, आर्ट्सकडे गेली. शाखा बदलण्याच्या अर्जावर विषयशिक्षकाची सही लागे. ती अर्ज घेऊन आली तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होतो. सही केली, मान वर केली नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी माझे वडील गेले, मध्यरात्रीच्या सुमारास. सकाळ उजाडेपर्यंत आम्ही भावंडे नुसती बसून होतो. मग शेजारचे एक वृद्ध आले, त्यांनी पाहिले आणि आमच्यावर रागावले. "अरे, हात-पाय सरळ केले नाई का अजून? अंगठे बांधा. उशीर केला तं वळन का काई?" वडिलांचा उजवा हात कोपरात दुमडलेला राहिला होता. मी तो सरळ करू गेलो. झाला नाही. मी पुन्हा जोर लावला, आणि कोपर धरून तसाच बसून राहिलो. या शरीरात आता एटीपी तयार होत नव्हता. माझ्या शिकवण्याप्रमाणे सगळी पकड सुटून हात लोंबायला हवा होता.

बापाच्या मृत्यूच्या सकाळी मला त्या मुलीचा हूक आठवला. रडत होतो, लोकांना वाटले वडिलांसाठी. त्यांच्यासाठीही होतेच.

तेरावा झाल्यावर पुस्तक उघडले. त्यात सगळे स्वच्छ लिहिलेले होते, मी विद्यार्थी होतो तेव्हापासून. ओढून झाल्यावर डोके ॲक्टिनला घट्ट चिकटून राहते. ती पकड आपोआप सुटत नाही. नवा एटीपी खाचेत येऊन बसतो तेव्हाच सुटते. सुटल्यावर त्या एटीपीचे विघटन होते, त्या शक्तीने डोके मागे ताणले जाते, पुढच्या जागी टेकते, आणि उरलेला फॉस्फेट बाहेर टाकताना ओढते. एटीपी नसेल तर डोकी जिथल्या तिथे अडकून पडतात. मेलेले शरीर आखडते ते याच कारणाने.

मी टिपणवहीतले ते पान काढून नवे लिहिले. पुढच्या वर्षीपासून बरोबर शिकवू लागलो. मात्र आधी चूक शिकवत होतो हे कोणाला सांगितले नाही, आणि ती चूक कोणी दाखवली होती हेही नाही. हूकाचे उदाहरण इतके नेमके होते की एकदोनदा ते जिभेवर आले. मी गिळले. चुकीपेक्षा मला हेच अधिक लागते. चूक अज्ञानाची होती. हे मौन जाणूनबुजून केलेले होते, आणि मी ते वर्षानुवर्षे, दर थंडीत, नव्याने केले.

यंदा पावसाळ्यात पालकसभा होती. माझ्या टेबलासमोर चाळिशीची एक बाई येऊन बसली, बाजूला मुलगी. मुलगी माझ्याच वर्गातली, शांत, अक्षर सुरेख. बाईने सांगितले की ती मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मग विचारले, "ओळखलं का सर?"

मी ओळखले होते, ती दारातून आत आली तेव्हाच. म्हणालो, "चेहरा ओळखीचा वाटतो."

"तिसरा बाक," ती म्हणाली. "स्नायूच्या धड्यापर्यंत होती मी तुमच्या वर्गात."

मुलगी आईकडे पाहू लागली. आई हसली, पण ते हसणे माझ्यासाठी नव्हते. "हिले डॉक्टर व्हाचं हाय म्हणते. मी म्हणलं, पाहू. यंदा तो धडा कवा हाय सर?"

"दिवाळीनंतर."

"बरोबर शिकवजा," ती म्हणाली आणि उठली.

त्या दोन शब्दांचा मी किती दिवस विचार केला ते सांगत नाही. दसऱ्याच्या सुट्टीत एका रविवारी तिच्या घराचा पत्ता विचारत गेलो. वस्ती गावाच्या कडेला, घर नवे, स्लॅबचे, अंगणात पाण्याची टाकी. ती अंगणातच भेटली. मी उभ्यानेच बोलायला सुरुवात केली. घरून निघताना नीट बांधून आणलेली वाक्ये होती. त्यांतले पहिलेच अर्धे झाले तेव्हा तिने हात वर केला.

"सर, हळू बोला. बाबा आत हायेत."

"मला त्यांचीही माफी मागायची आहे."

"त्याले माईत नाई," ती म्हणाली. "मी सायन्स काऊन सोडलं, ते मी त्याले सांगतलंच नाई. म्हणलं, गणित जमत नाई. तवा त्यानं आठ दिवस मले चिडवलं, म्हणे पोट्टी कच्ची निघाली." तिने दाराकडे पाहिले. "तुमी आता सांगान तं तुमाले हलकं वाटन. त्याले काय वाटन, याचा विचार करजा."

तो विचार मी केलेला नव्हता. वीस वर्षे अपराध उगाळत बसलेल्या माणसाने एवढा साधा विचार करू नये, याचे मला आश्चर्य वाटले, आणि मग वाटले नाही. माझा पश्चात्तापही माझ्याभोवतीच फिरत होता.

"मग मी काय करू?" मी विचारले.

"आलेच हात तं चहा घ्या. आन् त्याले हूकाचं विचारा. तवा विचारलं नाई न तुमी."

म्हातारा खाटेवर बसून तूर निवडत होता. ऐंशीच्या आसपास वय, खांदे अजून रुंद, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली. मी मुलीचा जुना शिक्षक आणि नातीचा आताचा, हे कळल्यावर त्याने मला बसायला खाटेचा निम्मा भाग मोकळा करून दिला.

"म्हणजे मया पोट्टीले नापास कराले तुमीच होते का मास्तर?" तो म्हणाला आणि स्वतःच खदखदून हसला. ती स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवू लागली.

मी म्हणालो, हूकाविषयी विचारायला आलो आहे, धड्यासाठी हवे आहे. त्याला यात काही विशेष वाटले नाही. नातीला हाक मारून त्याने माळ्यावरचा हूक काढायला लावला आणि कोपऱ्यातले तुरीचे पोते पुढे ओढायला सांगितले. हूक वळलेला, मूठ लाकडाची, हाताच्या घामाने काळी पडलेली.

"पाहा. मारला का बसला." हूक पोत्यात गेला तेव्हा आवाजही झाला नाही. "याच्यात काई मर्दानगी नाई. वजन त्याले धरून ठेवते. आता तुमी काढा."

मी मूठ धरून मागे ओढली. पोतेच सरकले.

"हाँ! सगळे नवे असंच करते. मागं ओढते. ओढलं का आनखी रुतते, नाई तं बारदान फाटते आन् शेठ शिव्या देते. खडूवाल्या हाताचं काम नाई हे." त्याने माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि मूठ आधी पुढे, पोत्याच्या दिशेने, दाबली; मग मनगट बाहेर वळवले. हूक सुटला. "सोडाचं असन तं आगुदर जवळ जा लागते. हे एका पोत्याले काईच नाई. शंभर पोत्यानंतर पाहा. मनगटात जोर नाई राह्यला का मानूस हूकासंगं पोत्याखाली जाते. एक नवा पोरगा गेला होता असाच, मया समोर. हूक सोडता नाई आला त्याले." त्याने दोन बोटांनी आपला खालचा खांदा दाखवला. "त्याले ओढता ओढता हा गेला."

नात दारात उभी राहून ऐकत होती. तिने हे याआधी कधी ऐकले नसावे. मी चहा घेतला. माफीचे एक अक्षर बोललो नाही. निघताना म्हाताऱ्याने विचारले, "कामाले येन का हे, मास्तर?" मी म्हणालो, "येईल." त्या घरात मी बोललेले तेवढे एकच वाक्य पुरते खरे होते.

दिवाळीनंतर धडा आला. चित्र काढले. निम्म्यावर थांबलो, खांद्यासाठी. मग खडू ठेवला आणि तेलुगूत, मोठ्याने, सांगायला सुरुवात केली. पुष्कळ वर्षांपूर्वी मी हा धडा चुकीचा शिकवत होतो. तिसऱ्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने मला ते सांगितले. तिने हमालाच्या हूकाचे उदाहरण दिले, आणि पुस्तकाबाहेर मी आजवर ऐकलेले ते सर्वांत अचूक उदाहरण आहे. मला उत्तर आले नाही म्हणून मी तिच्यावर आणि तिच्या वडिलांच्या कामावर वर्गाला हसवले. तिने विज्ञान सोडले. पुढे मला कळले की ती बरोबर होती. तेही मी कोणाला सांगितले नाही. हे सगळे मी चित्राकडे पाहून बोललो. कोणाचे नाव घेतले नाही आणि तिसऱ्या बाकाकडे पाहिलेही नाही, कारण तिथे या वर्षी तिचीच मुलगी बसत होती.

मग हूकाने मायोसिन समजावले. रुतणे, वजनाने घट्ट होणे, सुटण्यासाठी लागणारा जोर, थकल्यावर अडकून पडणे. तेवढा एक भाग मी त्या दिवशी बरा शिकवला असे मला वाटते.

वर्गात काही विशेष घडले नाही. शेवटच्या बाकावरून एकाने हिंदीत विचारले, "सर, वो हूक का एक्झॅम में आता क्या?" मी म्हणालो, नाही, एटीपीचे येते. त्याने वही मिटली. तास संपला. मी स्टाफरूममध्ये जाऊन बसलो. हलके वाटेल अशी आशा धरली होती, तसे काही वाटले नाही. पाय दुखत होते आणि पुढचा तास होता.

त्या मुलीने घरी काय सांगितले असेल, किती सांगितले असेल, आजोबांसमोर सांगितले असेल का, याची मला दिवसभर काळजी लागून राहिली. मी वर्गापुढे उभे राहून तिच्या आईचे गुपित तिच्या हवाली केले होते, हे मला तास झाल्यावरच सुचले.

दुसऱ्या दिवशी तास सुरू होण्याआधी ती टेबलापाशी आली. वही उघडून माझ्यासमोर ठेवली. माझे चित्र तिने जसेच्या तसे उतरवले होते. त्यातल्या एका बाणाभोवती लाल शाईने, शिक्षक करतात तसा, एक छोटा गोल होता.

"आईनं काल वही पाह्यली," ती म्हणाली. "आजोबा झोपल्यावर." मग जरा अडखळत पुढे म्हणाली, "आईनं विचारलं, सर, हा बाण असा काऊन? डोकं आतल्या बाजूले ओढते म्हणले न तुमी, मंग पातळ तंतू बाहीर कसा जाईन?"

मी पाहिले. ॲक्टिनचा तंतू जाड तंतूच्या मध्याकडे सरकतो. मी बाण बाहेरच्या बाजूला काढला होता. थांबून पुन्हा सुरू केलेल्या हाताने केव्हा तसे केले, मला कळले नव्हते.

"ती बरोबर आहे," मी म्हणालो.

मुले येऊन बसेपर्यंत मी थांबलो. कालचे चित्र फळ्यावर तसेच होते. कालचा बाण चुकला आहे, हे मी सगळ्यांना सांगितले, आणि तो मला एका शिक्षिकेने दाखवला, हेही. डस्टर सापडेना. मी तळहाताने बाण पुसला, आणि जवळ जाऊन, आतल्या बाजूला, नवा काढला.